चिखलाखालचा किनारा

मुंबई हायचे तेलाचे फलाट सुमारे ७५ मीटर खोल पाण्यात उभे आहेत. वीस हजार वर्षांपूर्वी त्या जागी समुद्रच नव्हता. हिमयुग ऐन भरात होतं, पृथ्वीवरचं बरंचसं पाणी उत्तर अमेरिका आणि युरोपवरच्या बर्फात अडकलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटरनी खाली होती. मुंबईसमोरचा किनारा तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. आज कामगारांना हेलिकॉप्टरनं जिथं न्यावं लागतं, तिथं त्या काळी माणूस चालत गेला असता. माझी नोकरीतली बहुतेक वर्षं या बुडालेल्या जमिनीचा माग काढण्यात गेली. हा माग डोळ्यांनी लागत नाही. वर पाणी, पाण्याखाली चिखल आणि चिखलाखाली ती जमीन. तिथवर पोचतो तो फक्त आवाज.

या कामाला आपला पश्चिम किनारा सोयीचा आहे. किनाऱ्याला लागून जो उथळ, मंद उताराचा भाग समुद्रात पसरलेला असतो त्याला भूगोलाच्या पुस्तकात भूखंडमंच म्हणतात. मुंबईसमोर तो तीनशे किलोमीटरच्या आसपास रुंद आहे आणि दक्षिणेकडे निमुळता होत कोचीसमोर साठेक किलोमीटरवर येतो. उतार इतका कमी की तीन किलोमीटर गेल्यावर जेमतेम एक मीटर खोली वाढते. अशा उतारावर समुद्र जरा वर-खाली झाला तरी किनारा कित्येक किलोमीटर सरकतो, आणि सरकताना जागोजाग खुणा ठेवून जातो. कड्याच्या किनाऱ्यावर त्याच खुणा एकमेकींवर चढून बसतात, वाचता येत नाहीत.

आमचं मुख्य हत्यार स्पार्कर. बोटीच्या मागे दोरीला बांधलेल्या टोकांमधून खाऱ्या पाण्यात उच्च दाबाची विजेची ठिणगी सोडायची. पाण्याची क्षणात वाफ होते, बुडबुडा फुगतो आणि ठो करून आवाज होतो. तो तळाकडे जातो. काही भाग तळावरूनच परततो, उरलेला चिखलात शिरतो आणि खाली जिथं थराचा पोत बदलतो तिथून पुन्हा थोडाथोडा परततो. दुसऱ्या बाजूला तेलानं भरलेल्या लांब नळीत हायड्रोफोन ओवलेले असतात, ते हे परतलेले आवाज टिपतात. सेकंदाला एक-दोन ठिणग्या, बोटीचा वेग चार-साडेचार नॉट, आणि असं तासन्‌तास. उथळ भागात आणि बारकाईच्या कामाला बूमर किंवा सब-बॉटम प्रोफायलर वापरायचो. त्यांचा आवाज बारीक असतो. खोल जात नाही, पण अर्ध्या मीटरचे थरही वेगळे दाखवतो.

आता सगळं संगणकाच्या पडद्यावर दिसतं. आम्ही कामाला लागलो तेव्हा रेकॉर्डरवर कागदाची रुंद गुंडाळी फिरायची आणि सुई प्रत्येक आवाजागणिक कागद जाळत जायची. त्या केबिनमध्ये जळक्या कागदाचा उग्र वास भरलेला असायचा, घरी गेल्यावरही तो कपड्यांतून जायचा नाही. दर पाच मिनिटांनी कागदावर उभी रेघ मारायची आणि तिच्याशेजारी वेळ, जागा आणि खोली पेननं लिहायची. या रेघेला आम्ही फिक्स म्हणायचो. एखादा फिक्स चुकला तर ते चित्र समुद्रातलं नेमकं कुठलं, हे पुढे कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून रात्रीच्या पाळीला दोघं असत, एक सुईवर नजर ठेवायला आणि दुसरा घड्याळावर.

उथळ पाण्यात मोठं जहाज जात नाही. तिथं भाड्याचा ट्रॉलर घ्यावा लागे, आणि ट्रॉलरबरोबर तांडेल येई. मालवणकडच्या एका तांडेलानं मला पहिल्याच दिवशी आमच्या नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "हंय खडप आसा सायेब, हंय आमी जाळा टाकूक नाय." त्याच्या बोटाखाली आमच्या तक्त्यात सपाट चिखल दाखवला होता. तिथून जाणाऱ्या लाइनवर, म्हणजे बोटीसाठी आखलेल्या सरळ वाटेवर, गेलो तेव्हा तळ एकाएकी उंचावला, कागदावर रेघ गडद झाली आणि किनाऱ्याला समांतर धावणारी एक अरुंद धार दिसली. तांडेलानं तिच्यात जाळी फाडून घेतली होती. आमच्या दृष्टीनं तो जुन्या किनाऱ्याचा वाळूचा बांध असण्याची शक्यता होती, चुन्यानं सांधून दगड झालेला. त्यानंतर कुठल्याही बंदरात लाइनी आखण्याआधी मी तांडेलांशी बोलल्याशिवाय नकाशा पक्का केला नाही. चिखल कुठं संपतो, वाळू कुठून लागते आणि खडप किती वाव पाण्यात आहे, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतं.

कागदावरचं चित्र म्हणजे जमिनीचा छेद नव्हे, हे नव्या माणसाला पटवणं सगळ्यात अवघड. उभ्या दिशेला खोली नसते, वेळ असतो. आवाज जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागले, एवढंच तिथं लिहिलेलं असतं. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणून दहा मिलिसेकंद म्हणजे साडेसात मीटर. शिवाय उभं प्रमाण आडव्यापेक्षा कित्येक पट ताणलेलं असतं. कागदावर जी दरी वाटते तिच्या काठावरून गुरं सहज उतरली असती. त्यात आवाज तळावरून पृष्ठभागाकडे येतो, तिथून आपटून पुन्हा तळाशी जातो आणि दुसऱ्यांदा परततो. अशा वेळी तळाचीच एक खोटी प्रत दुप्पट खोलीवर उमटते. ती ओळखायची खूण सोपी आहे. तळ जितका चढतो त्याच्या दुप्पट ती चढते. खाली एखादा सुरेख, ठसठशीत थर दिसला की आधी डिव्हायडर घेऊन पाण्याची खोली मोजायची आणि दुप्पट करायची. जुळली, तर त्या थराचा नाद सोडायचा.

अशी सगळी चाळणी लावून जे उरतं ते मात्र विलक्षण असतं. कोकण आणि गोव्यासमोर किनाऱ्याजवळ वरचा थर जवळजवळ कोरा दिसतो. हा मऊ, पाणीदार चिखल नद्यांनी गेल्या काही हजार वर्षांत आणून टाकलेला. किनाऱ्यालगत तो जाड असतो आणि पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत जाताजाता संपतो. त्याच्याखाली एक गडद, खडबडीत रेघ असते. ही रेघ म्हणजे जुनी जमीन. समुद्र मागे हटलेला असताना हा भाग हजारो वर्षं उन्हापावसात उघडा पडला, त्यातलं पाणी निघून गेलं, माती घट्ट झाली, कुठं चुन्याचे खडे धरले. मऊ चिखलातून आलेला आवाज या टणक पृष्ठभागावर आदळतो आणि जोरात परततो. म्हणून रेघ गडद.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर २५ मीटर पाण्यात या गडद रेघेत एक खाच सापडली. रुंदी दोन फिक्सांमधल्या अंतराच्या निम्मी, म्हणजे साडेतीनशे मीटरच्या आसपास, आणि खोली बारा मिलिसेकंद, म्हणजे नऊएक मीटर. खाचेच्या तळाशी वेडेवाकडे, तुटक ठिपके होते, त्यावर आडवे, समांतर थर. ते दोन्ही काठांना जाऊन टेकत होते आणि तिथंच संपत होते. वरच्या बाजूला हे सगळं कुणी रंधा मारल्यासारखं सपाट कापलेलं, आणि त्यावर तो नेहमीचा कोरा चिखल. आता हे खालून वर वाचायचं. समुद्र लांब होता तेव्हा इथून नदी वाहत होती आणि तिनं पात्र खणलं. तळातले ठिपके म्हणजे तिचे गोटे आणि जाड वाळू. मग समुद्र चढू लागला, नदीचा वेग मंदावला, पात्राची खाडी झाली आणि तीत गाळ थरावर थर बसत गेला. समुद्र आणखी चढला तेव्हा लाटांची रेषा या जागेवरून पुढे सरकली आणि तिनं वरचा भाग तासून नेला. शेवटी पाणी खोल झालं, लाटा तळाला पोचेनाशा झाल्या आणि चिखल बसला. शेजारच्या समांतर लाइनींवर तीच खाच शोधत गेलो, तेव्हा नदीची वाट आजच्या मुखाच्या दिशेनं जुळली.

थर कुठं जाऊन टेकतात, कुठं कापले जातात, यावरून समुद्राचा चढ-उतार वाचायची ही पद्धत तेलशोधातून आली. १९७७ मध्ये पीटर वेल आणि एक्सॉन कंपनीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तपशिलानं मांडली. त्यांनी कोट्यवधी वर्षांचे जागतिक आलेख काढले आणि त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, कारण थर किनाऱ्याकडे चढताना दिसले तर समुद्र चढला की जमीन खचली, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. आमचा पल्ला लहान, फार तर वीस-पंचवीस हजार वर्षांचा. पण हा पेच आमच्याही मानगुटीवर होताच.

चित्र वय सांगत नाही, ही दुसरी अडचण. त्यासाठी तळातून नमुना काढावा लागतो. जड नळी खाली सोडून चिखलाचा दांडा उचलायचा किंवा कठीण तळावरून दगड ओरबाडून आणायचे. मुंबईसमोर दूरवर फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाचा विस्तीर्ण सपाट तळ आहे. पन्नास वाव, म्हणजे ९१ मीटर. तिथं नद्यांचा चिखल पोचत नाही, म्हणून जुना तळ उघडाच आहे. तिथून आलेला दगड भिंगाखाली धरला तर त्यात खसखशीएवढे गोल दाणे दिसतात, आतून कांद्यासारखे पापुद्रे असलेले. असे दाणे फक्त काही मीटर खोलीच्या, उबदार, सतत खळबळणाऱ्या पाण्यात तयार होतात. ते आज ९० मीटरवर आहेत, याचा अर्थ किनारा एके काळी तिथं होता. दाण्यातला कार्बन मोजला की केव्हा होता तेही कळतं. पुरावा म्हणून असा दगड हातात आला की ट्रॉलरवरच्या सगळ्या उलट्यांचं चीज होतं.

दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आर. आर. नायर यांनी १९७० च्या दशकात या मंचावरच्या बुडालेल्या पायऱ्या नोंदवल्या. ५५, ७५, ८५, ९२ मीटर अशा खोल्यांवर तळ थबकलेला दिसतो. पायरी तेव्हाच पडते जेव्हा समुद्र एका पातळीवर बराच काळ थांबून किनारा खात बसतो. पुढे १९९५ मध्ये एन. एच. हाशिमी, नायर आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या सगळ्या तारखा एकत्र करून पश्चिम किनाऱ्याचा आलेख प्रसिद्ध केला. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली, साडेबारा हजार वर्षांपूर्वी ८० मीटर खाली, मग अडीच हजार वर्षं जवळपास मुक्काम, आणि दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात झपाट्यानं चढण, हजार वर्षांत वीस मीटरच्या आसपास. त्यानंतर पातळी आजच्या आगेमागे.

हा आलेख शेवटचा शब्द नाही, आणि आमच्यापैकी कुणी तो तसा मानलाही नाही. त्यातली वयं कच्च्या रेडिओकार्बन वर्षांत आहेत, त्यांचं कॅलेंडरच्या वर्षांत रूपांतर केलं की ती आणखी मागे जातात. शंख-शिंपले लाटांनी वाहून आलेले असू शकतात. रिचर्ड फेअरबँक्स यांनी १९८९ मध्ये बार्बाडोसच्या प्रवाळांवरून काढलेल्या आलेखात त्या अडीच हजार वर्षांच्या मुक्कामाच्या सुमाराला समुद्राचा वेग मंदावतो, पण इतका दीर्घ मुक्काम दिसत नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. समुद्र एका चालीनं चढला नाही. तो रेंगाळला, मग धावला, परत रेंगाळला.

माझ्या मते या सगळ्या खटाटोपातून हाती लागलेलं महत्त्वाचं ते हेच. वीस हजार वर्षांत १२० मीटर, म्हणजे सरासरी वर्षाला सहा मिलिमीटर. हा आकडा अंकगणित म्हणून बरोबर आहे आणि किनाऱ्यावरच्या माणसासाठी निरुपयोगी. चढणीच्या काळात वेग वर्षाला दोन सेंटिमीटर होता. मुंबईसमोरच्या तीन हजारांत एक अशा उतारावर दोन सेंटिमीटर म्हणजे किनारा दर वर्षी साठ मीटर आत. तीस वर्षांच्या एका पिढीत जवळपास दोन किलोमीटर. ज्या ठिकाणी आजोबांची चूल होती तिथं नातवानं होडी घातली असणार. आणि कॅलेंडरच्या हिशोबानं साडेचौदा हजार वर्षांपूर्वीच्या एका झपाट्यात जगातल्या समुद्रानं पाचशे वर्षांच्या आत दहा मीटरहून बरीच जास्त उडी घेतली, हे इतरत्रच्या प्रवाळांनी दाखवलंच आहे. आज हिमयुगाएवढं बर्फ शिल्लक नाही, तेव्हा तीच उडी उद्या बसेल असं म्हणणं अतिरेकाचं होईल. पण उपग्रहांनी १९९३ पासून मोजलेला वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरचा सरासरी वेग घेऊन शंभर वर्षांचा हिशोब सरळ रेषेत मांडणारे अहवाल मी पाहिले आहेत, आणि समुद्रतळावरच्या पायऱ्या बघितलेल्या माणसाचा त्या सरळ रेषेवर विश्वास बसणं कठीण आहे.

कोकणात कुठंही व्याख्यान दिलं की एक प्रश्न ठरलेला असतो, परशुरामानं समुद्र हटवला ती गोष्ट म्हणजे हेच का? कथेचा मान राखूनही सांगावं लागतं की चिखलाखालची साक्ष उलट आहे. गेल्या वीस हजार वर्षांत समुद्र मुख्यतः आत आला. मात्र सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीला पोचला, त्यानंतर काही काळ थोडा वर राहून किंचित उतरला असावा. हरिहरेश्वर, वेळणेश्वरकडे बांधकामाला वापरतात तो करल, म्हणजे शिंपल्यांच्या वाळूचा सांधलेला दगड, भरतीच्या रेषेच्या वर आढळतो त्याचं एक कारण हे सांगितलं जातं. पुळणी, खाजणं, माडाच्या वाड्या ज्यावर उभ्या आहेत ती किनारपट्टी या शेवटच्या टप्प्यातली. पण उतरण दोन-तीन मीटरची आणि आधीची चढण शंभराहून अधिक मीटरची.

आमच्या कामातली खरी पोकळी याच शेवटच्या टप्प्यात आहे, तीस मीटरपेक्षा उथळ पाण्यात. मोठं जहाज तिथं येत नाही आणि ट्रॉलर आणला तरी वायू आडवा येतो. चिखलात गाडलेला पालापाचोळा कुजून मिथेन तयार होतो, त्याचे बारीक बुडबुडे गाळात अडकतात आणि आवाज गिळून टाकतात. कागदावर थर स्पष्ट दिसत असतात, आणि एकाएकी सगळ्यावर काळा पडदा पडतो. पलीकडे पुन्हा थर सुरू, पण मधलं काहीच नाही. कोकण-गोव्याच्या किनाऱ्याजवळ आणि खाड्यांच्या तोंडाशी हा वायू आमच्या पाचवीला पुजलेला. स्पार्करची ताकद वाढवून उपयोग होत नाही. जिथं सगळ्यात ताजा इतिहास आहे तिथंच आमचं यंत्र आंधळं.

पण बोअरहोलला वायूचं काही वाटत नाही. प्रत्येक जेट्टी, पूल, पाइपलाइन आणि बंदराच्या खोलीकरणाआधी अभियंते तळात भोकं पाडतात, खालचा खडक लागेपर्यंत माती बाहेर काढतात, तिची भार सोसण्याची ताकद तपासतात. त्या मातीत खाडीचा गाळ असतो, शिंपले असतात, कधी कुजलेलं लाकूड असतं. चाचणी झाली की नमुने टाकून दिले जातात आणि अहवाल कपाटात जातो. एका बंदराच्या कामात असे काही नमुने बघायला मिळावेत म्हणून मी बरीच पत्रं लिहिली. उत्तर आलं तोवर पेट्या भरावात गेल्या होत्या.

हे असंच व्हायला हवं असं नाही. मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली बुडालेलं खैराचं जंगल लागलं. तिथल्या कामावरच्या ऑर्मिस्टन नावाच्या अभियंत्यानं त्याची नोंद करून ती १८७८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नियतकालिकात छापली. ३८२ झाडं सापडली, त्यांतली २२३ मुळांवर उभी होती. ते जंगल समुद्र चढल्यानं बुडालं की जमीन खचल्यानं, यावर अजून चर्चा होते. चर्चा होऊ शकते, कारण कुणीतरी डॉक बांधण्याच्या धबडग्यात झाडं मोजली. योगायोगानं त्याच साली मुंबईच्या अपोलो बंदरावर भरती-ओहोटीच्या नोंदी सुरू झाल्या, आणि आज हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब पल्ल्याच्या नोंदींत त्यांची गणना होते. दोन्ही कामं बंदराच्या गरजेपोटी झाली, विज्ञानाला ती फुकट मिळाली.

म्हणून किनाऱ्यावर बांधकाम करणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला आणि परवानगी देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. बोअरहोलचा एक नमुना जपून ठेवा, खोली आणि जागा लिहून ठेवा, आणि काम संपल्यावर आवाजानं काढलेली तळाची चित्रं जवळच्या विद्यापीठाला किंवा समुद्रविज्ञान संस्थेला देऊन टाका. परवान्याच्या अटींत ही एक ओळ घालायला खर्च येत नाही. समुद्र पुढे किती वेगानं चढेल याचा अंदाज करायचा, तर तो याच किनाऱ्यावर मागे कसा चढला होता हे आधी कळायला हवं, आणि ती माहिती आपण रोज भरावात टाकतो आहोत.